पेन लावत नाही

शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा बॅचच्या ग्रुपवर निरोप आला आणि मी विचार न करता हो म्हणून बसले. कौलारू इमारत, टाकीजवळचा कडुनिंब, शनिवारची सकाळची शाळा याबद्दल बाकीचे लिहितीलच. मी बाईंबद्दल लिहिणार. आठवी ‘ब’च्या बाई म्हटलं की आपल्यात कुणाला नाव सांगावं लागत नाही.

आठवीला निवड करायची असे : १०० गुणांचं संपूर्ण संस्कृत, की ५०-५० चं हिंदी-संस्कृत. हुशार मुलांनी संपूर्णच घ्यायचं, हा अलिखित नियम. दहावीला टक्के वाढतात ना! अण्णांनी घरी तेच ठरवून टाकलेलं. मला मात्र हिंदीचा तास फार आवडायचा. बाईंनी विचारलं तेव्हा मी अंगठ्याने फरशी उकरत नुसती उभी. बाई रागावल्या नाहीत की समजूत घालायलाही बसल्या नाहीत. दोन्ही हजेरीपटांत शिसपेन्सिलीने माझं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, “एक दिवस इकडे बस, एक दिवस तिकडे. मग सांग. तोवर मी पेन लावत नाही.”

संस्कृतच्या सरांना हे मुळीच रुचलं नाही. “शाळा आहे की धर्मशाळा?” असं ते स्टाफरूममध्ये म्हणाल्याची बातमी शिपाईमामांनीच आम्हाला पुरवली. शेवटी मी हिंदी-संस्कृत घेतलं. अण्णांना शाळेत बोलावून बाई काय बोलल्या कोण जाणे, पण घरी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात बीएस्सी, लोट्याच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेची नोकरी, तिथे कंटाळून बीएड, मग लग्न आणि न्यू जर्सी. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्याच्या जोडीदाराला मिळतो त्या व्हिसावर, तेव्हा नोकरी करता येत नसे. अशा व्हिसावरच्या काही जणींना नोकरीचा परवाना मिळू लागला तो २०१५ मध्ये, म्हणजे माझी वेळ टळून गेल्यावर. शिकायला मात्र बंदी नव्हती, म्हणून समुपदेशनात एमए केलं. ग्रीन कार्ड आल्यावर एका विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयात खिडकीवर बसले आणि तिथून अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायजर, म्हणजे मुलांना विषय निवडताना सल्ला देणारी, झाले. हे काम काय असतं ते नातेवाइकांना सांगताना अजून दमछाक होते. प्राध्यापक नाही, कारकून नाही, मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच!

तिथे पदवीला साधारण १२० क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेलं अभ्यासाचं माप) लागतात आणि मुख्य विषय बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवला तरी चालतो. सत्राच्या सुरुवातीला काही दिवस विषय घेऊन बघायचे, नको असतील तर सोडायचे. त्याला अ‍ॅड-ड्रॉप म्हणतात. प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या बाईंनी हे कुठल्याही नियमावलीशिवाय केलं होतं.

डॉक्टर व्हायला निघालेली मुलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीत अडकतात आणि माझ्यासमोर येऊन रडतात. तेव्हा ती जुनी बीएस्सी कामी येते. भारतातून आलेल्यांना जास्त जपावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या मुलाला सत्रात किमान १२ क्रेडिट ठेवावी लागतात. परवानगी न घेता रागाच्या भरात एखादा विषय सोडून आकडा खाली गेला, तर व्हिसाच अडचणीत येतो. वर आईवडिलांचे फोन : “मॅडम, त्याला कॉम्प्युटरलाच ठेवा हं.” विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या अमेरिकन कायद्यावर बोट ठेवून मी सांगते, की मुलाच्या लेखी संमतीशिवाय त्याचे गुणसुद्धा मी तुम्हाला सांगणार नाही. त्यांना ते पटत नाही. मुलांना पटतं. गेल्या वर्षी विद्यापीठाने माझा सत्कार केला तो त्यांनीच नाव सुचवलं म्हणून.

मागच्या डिसेंबरात शाळेत येऊन गेले. नवी इमारत छानच आहे. आठवीच्या वर्गाबाहेर जेईई-नीटच्या फाउंडेशन बॅचचा फलक पाहून मात्र मन खट्टू झालं. आता आपल्या कॉलेजांतही नव्या धोरणाने मेजर-मायनर आलंय, विषय बदलायची थोडी मुभा आलीय. पण तेराव्या वर्षीच पोरांचं सगळं पेनाने लिहून टाकलं, तर ती मुभा वापरणार कोण?

बाई हल्ली मुलाकडे पुण्याला असतात. नंबर शाळेच्या कार्यालयात मिळेल. दुपारी चारनंतर फोन करा आणि जरा मोठ्याने बोला. आधी तुकडी सांगा, मग नाव. त्या अजून तुकडीवरूनच ओळखतात.