ओलिताच्या रात्री हातमोजे घालून फोन चालवायचा तर

गव्हा-हरभऱ्याचं ओलीत ऐन डिसेंबर-जानेवारीत येतं, आणि ज्या आठवड्यात मोटरची थ्री फेज वीज रात्रीची असते त्या आठवड्यात रात्रीच वावरात जावं लागतं. एका हातात टॉर्च, खांद्यावर फावडं, डोक्याला दुपट्टा, हातात लोकरी मोजे. अशात फोन वाजतो आणि स्क्रीनवरचं हिरवं बटण काही केल्या सरकत नाही. मग मोजा दातात धरून ओढायचा. तो निघेपर्यंत फोन कटतो. परत मोजा चढवायचा तर बोटं ओली, मोजा मधेच अडकतो.

दोष थंडीचा नाही, हे आधी सांगून टाकतो. बहुतेक स्मार्टफोन शून्य ते 35 अंशांत नीट चालतील असेच बनवलेले असतात. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता, तोही या हद्दीच्या आतच. आपल्याकडच्या थंडीत बोटं बधिर होतात, स्क्रीन होत नाही. अडचण मोज्यातल्या हवेची आहे.

स्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. फोन एका दिशेच्या पट्ट्यांत सतत बारीक संकेत सोडतो आणि दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांवर तो किती पोचला ते मोजतो. माणसाचं शरीर वाहक असल्यामुळे बोट जवळ आलं की त्यातला थोडा हिस्सा बोटाकडे वळतो. पडणारा फरक एका पिकोफॅरडहूनही (विद्युतधारकता मोजायचं फार बारीक एकक) कमी असतो, पण तेवढ्यावरून फोन ओळखतो की इथे बोट आहे. दाब लागत नाही. म्हणून मोज्यातून कितीही जोरात दाबलं तरी उपयोग नाही, उलट काच जाते.

आता अंतराचा ढोबळ हिशेब. फोनची काच साधारण 0.7 मिलिमीटर. पण विद्युतक्षेत्र काचेतून हवेपेक्षा सहज जातं, सातेकपट, म्हणून ती 0.1 मिलिमीटर हवेएवढीच धरायची. लोकरी मोजा 2 मिलिमीटर जाड, आणि विणीत लोकर थोडी, हवाच जास्त. तो दीड मिलिमीटर हवेएवढा भरतो. म्हणजे काचेच्या पंधरापट. ज्या हवेमुळे मोजा उबदार, तीच हवा टच अडवते.

याच हिशेबाने टेम्पर्ड ग्लासचंही कळतं. चांगली चिकटलेली 0.33 मिलिमीटरची ग्लास फारसं बिघडवत नाही. पण फक्त कडेला गोंद असलेली स्वस्त ग्लास लावली आणि मधे 0.2 मिलिमीटर हवा राहिली, तर फोनवर आणखी दोन काचा चढवल्यासारखं होतं. उघड्या बोटाला ते जाणवत नाही, मोजा घातला की जाणवतं. ग्लास बदलायची झाली तर पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेली मागा.

बाजारात ‘टच’वाले मोजे मिळतात. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला राखाडी किंवा वेगळ्या रंगाचा ठिपका असतो, त्यात चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन किंवा स्टीलचा बारीक तंतू विणलेला असतो. ते चालतात, पण शहरात चालतात. तिथे माणूस डाव्या हातात फोन धरून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने टच करतो. वावरात एक हात टॉर्चने अडकलेला, त्यामुळे ज्या हातात फोन त्याच हाताचा अंगठा चालवावा लागतो. आणि अंगठा कधीच टोकाने टेकत नाही, तो बाजूने टेकतो, नखाच्या कडेजवळ. ठिपका टोकाला, स्पर्श बाजूला. मग ‘शंभर रुपये पाण्यात’ म्हणून कास्तकार मोजे फेकून देतो. घेताना मोजा घालून, फोन एका हातात धरून, अंगठा स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन बघा. दुकानदार हातात देतो तो नमुना टोकानेच टेकवून दाखवतो, त्यावर जाऊ नका.

माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय गावातल्या टेलरकडे आहे. मोज्याला आडवी चीर द्यायची, कामापुरतं बोटाचं टोक बाहेर काढायचं, काम झालं की आत. वाहक दोरा नको, बॅटरी नको, धुतल्यावर बिघडायचा प्रश्न नाही.

चीर कुठे द्यायची हेच महत्त्वाचं. मोजा घालून पहिलं बोट वाकवा. टोकाकडून पहिली घडी जिथे पडते तिथे तळव्याच्या बाजूला खडूने आडवी रेघ मारा. अंगठ्याला हीच रेघ थोडी आतल्या बाजूला, म्हणजे पहिल्या बोटाकडे सरकवून. रेघ 2.5 सेंटिमीटर पुरते. सपाट ठेवलेल्या मोज्याचं बोट साधारण 3 सेंटिमीटर रुंद भरतं, म्हणजे तळव्याकडची बाजू जवळजवळ पूर्ण उघडते आणि पाठीकडची शाबूत राहते. जास्त कापलं तर टोपी, म्हणजे चिरीच्या वरचं मोज्याचं टोक, लोंबते, कमी कापलं तर बोट अडकतं.

आधी शिवायचं, मग कापायचं. लोकरीची वीण आधी कापली की टाके सुटत जातात आणि सकाळपर्यंत अर्धं बोट उसवलेलं असतं. रेघेच्या वर 2 आणि खाली 2 मिलिमीटरवर टीप घालायची, दोन्ही टोकं गोल जोडायची, मग मधून कात्री. टीप सरळ मशीनची नको. वीण ताणली जाते, सरळ टीप ताणत नाही, दोन दिवसांत तुटते. झिगझॅग टीप चालेल, नाहीतर हातानेच लोकरीच्या दोऱ्याने काजाचे टाके घालून घ्या. शर्टाची काजं करणारा कुठलाही टेलर हे दहा-पंधरा मिनिटांत करतो. मोज्यात आधी जाड मार्कर पेन घालून ठेवायचं, म्हणजे सुई पलीकडच्या बाजूत जात नाही. शेवटी बोटाच्या पाठीवर एक बारीक टिचबटण लावलं तर उलटवलेली टोपी मागे अडकवून ठेवता येते. बटण पाठीकडेच हवं. तळव्याकडे लावलं तर ते स्क्रीनवर घासतं.

वाहक दोऱ्याची हौस असेल तर तीही करता येते, पण त्यात चुकायला जागा फार. कंडक्टिव्ह थ्रेड नावाने तो ऑनलाइन मिळतो. एका बोटाला अर्धा मीटर पुरतो. अंगठ्याच्या बाजूला 8 मिलिमीटरचा गोल आखून त्यात उभे-आडवे टाके दाट भरायचे. ठिपका याहून लहान झाला तर फोन त्याला बोट मानत नाही. आतल्या बाजूला दोऱ्याची दोन टोकं सेंटिमीटरभर मोकळी सोडायची, ती कापायची नाहीत. तीच कातडीला टेकतात. सगळी गंमत त्या टेकण्यात आहे: स्क्रीनपासून बोटापर्यंत सलग वाट हवी. अस्तरवाल्या मोज्यात लोक नुसत्या बाहेरच्या कापडात शिवतात, दोरा अस्तराआड राहतो, आणि मग दोऱ्याला नावं ठेवतात. शंका असेल तर मोटर वाइंडिंगवाल्याकडे मल्टिमीटर असतो. एक पिन आतल्या टोकाला, एक बाहेरच्या ठिपक्याला. काही किलोओहमपर्यंत रीडिंग आलं तरी चालतं, कारण इथे करंट असा वाहतच नाही म्हटलं तरी चालेल. काहीच रीडिंग आलं नाही तर दोरा कुठेतरी तुटलाय.

वाइंडिंगची तांब्याची तार वापरू नका. तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो खरवडला तरी तार वाकून वाकून तुटते आणि बोटाला टोचते. जुन्या लुगड्याच्या जरीचा दोराही बहुधा कामाचा नाही. हल्लीची जर म्हणजे पॉलिस्टरवर चमक, वर पुन्हा लाखेसारखा लेप. अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळायची युक्ती चालते, पण फॉइलची पट्टी मोज्याच्या आत घेऊन बोटाला टेकवली तरच नीट, आणि तीही तासाभरात फाटते.

थुंकी लावून मोज्याचं टोक ओलं केलं तर टच होतो, हेही खरं. काही सेकंद होतो. पण हातमोज्याला युरिया नाहीतर औषध लागलेलं असतं, हे कोणाच्या लक्षात राहतं? तोंडाला लावू नका.

फोनची सेटिंगही बघा. काही सॅमसंग फोनमध्ये सेटिंग्ज उघडून डिस्प्लेमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ असतं. दुसऱ्या काही फोनांत ‘ग्लोव्ह मोड’ किंवा ‘स्क्रीन प्रोटेक्टर मोड’ अशा नावाने मिळतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सेन्सिटिव्हिटी’ किंवा ‘ग्लोव्ह’ टाकून बघा. काहीच आलं नाही तर तुमच्या फोनात ते नाही, दुसरं अॅप टाकूनही येणार नाही, कारण हे काम टचच्या चिपचं आहे. ही सोय नवी नाही, 2012 च्या नोकिया लुमिया 920 मध्येही होती. पातळ सुती मोज्यात तिने फरक पडतो, जाड लोकरीत बेताचाच. आणि ती चालू ठेवून फोन खिशात टाकला की कापडातूनही टच लागायचा, म्हणून घरी आल्यावर बंद.

खराब चार्जरवर लावलेल्या फोनचा टच तसाही वेडावतो, मोज्यातून तर जास्तच. चार्जरचा विद्युत गोंगाट त्या बारीक फरकात मिसळतो. आधी पिन काढा, मग बघा.

स्क्रीन कमीत कमी वापरायची सोयही करून ठेवावी. ज्या मोटरला मोबाईल स्टार्टर (फोन लावून मोटर चालू-बंद करायची पेटी) आहे, त्याच्या सिमचा नंबर होम स्क्रीनवर ‘डायरेक्ट डायल’ म्हणून ठेवला की एका टचात फोन लागतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर बटणाने कॉल कट करायची सोय अॅक्सेसिबिलिटीमध्ये आहे. कीबोर्डची उंची वाढवून ठेवा. आणि खरं सांगायचं तर जागलीला किंवा ओलिताला जाताना जुना बटणाचा फोन खिशात ठेवणारी माणसं शहाणी आहेत: 2 नंबर दाबून धरला की घरी फोन, कसलाही मोजा असो.

लॉकचं मात्र आधीच ठरवा. बोटाचा ठसा कुठल्याच मोज्यातून उमटत नाही, वाहक दोऱ्यातूनही नाही. चेहरा ओळखणारं लॉक दुपट्ट्यात आणि अंधारात अडतं. पॅटर्न मोज्याने काढताना मधेच टच सुटतो. पिनचे आकडे मोठे असतात, तेच बरं. चिरीतून अंगठा बाहेर काढून ठसा द्यायचा असेल तर एक करा: हिवाळ्यात तोच अंगठा दुसऱ्यांदा नोंदवून ठेवा. थंडीत कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, पावसाळ्यातला ठसा जुळत नाही. यूपीआयचा पिन मात्र मोज्यातून टाकूच नका. तीनदा चुकला की बँक बहुधा 24 तास व्यवहार अडवते.

स्प्रिंकलरचे पाइप बदलले की मोजे ओले होतात. ओला मोजा टच देतो, पण चुकीचा. पाणी पसरतं, फोनला एका बोटाऐवजी मोठा डाग दिसतो आणि तो एकतर दुर्लक्ष करतो, नाहीतर भलतंच बटण उघडतो. स्क्रीनवर दव पडलं तरी तेच. बंडीच्या वरच्या खिशात सुती कापडाचा तुकडा ठेवा, आधी स्क्रीन पुसा. मोज्याने पुसू नका. त्यात अडकलेला रेतीचा कण काचेपेक्षा कठीण असतो, बारीक चरे त्यानेच पडतात.

आणि लोकरी मोजा म्हणजे विजेपासून बचाव, असं समजून कोणी ओल्या मोज्याने स्टार्टरच्या पेटीला हात लावतो. ओली लोकर वीज अडवत नाही. पेटीला हात लावायचा तर मोजा काढा, हात कोरडा करा, पायात कोरडी रबरी चप्पल-बूट हवा, आणि पेटीचं अर्थिंग जागेवर आहे का ते दिवसाच बघून ठेवा.

फवारणीच्या नायट्राइल मोज्यांचं उलटं आहे. पातळ मोजा 0.1 मिलिमीटरचा, त्यातून टच सहज होतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा. औषध लागलेल्या मोज्याने फोन उचलला की ते स्क्रीनवर जातं, तिथून गालाला, कानाला, संध्याकाळी लेकराच्या हाताला. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनंतर मोजे घालायला लोक शिकले, फोन बाजूला ठेवायला अजून शिकायचेत. फवारताना फोन धुऱ्यावर, पिशवीत.

चिरीचे मोजे कोमट पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सपाट पसरून वाळवा. लोंबत वाळवले की बोटं लांबतात आणि चीर घडीवरून खाली सरकते. वाहक दोरा असेल तर ब्लीच आणि इस्त्री दोन्ही टाळा. चांदीचा मुलामा काळा पडत जातो, एका हंगामानंतर अंगठ्याचा ठिपका पुन्हा भरावा लागतो, म्हणून दोरा थोडा उरवून ठेवा.