लग्नाचे की साहित्याचे?

'लग्नाचे की साहित्याचे?' अमळनेरच्या लॉजवाल्याने फोनवर पहिला प्रश्न हाच केला. साहित्याचे म्हटल्यावर भाडं जागच्या जागी दुप्पट. वऱ्हाडाला निदान पंगत तरी असते हो!

फेब्रुवारी 2024, 97वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. साने गुरुजींच्या या गावात संमेलन भरत होतं ते 1952नंतर, म्हणजे 72 वर्षांनी. त्यात या संमेलनाला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलनही त्याच गावात, त्याच सुमारास. तालुक्याचं गाव, मोजकी लॉजं आणि दोन-दोन मांडव. खोल्या मिळणार कुठून? प्रतिनिधी म्हणून सामुदायिक निवासाचा पर्याय असतो, पण हॉलभर गाद्या आणि शेजारी घोरणारा समीक्षक हे वय आता माझं राहिलं नाही.

शेवटी धुळ्यात स्टँडजवळ आठशे रुपयांत खोली घेतली. बेसिनचा नळ गळका, चादर मात्र स्वच्छ. एवढ्या भाड्यात मी खूश होतो. रोज सकाळी एसटीने अमळनेर, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात दिवसभर भटकंती, पुस्तकांच्या गाळ्यांत खिसा रिकामा, दुपारी भरीत-भाकरी. अडचण संध्याकाळची. परिसंवाद रंगात येऊ लागला की निम्मे लोक घड्याळं बघत चपला शोधायचे. लांबची खोली स्वस्त पडते ती अशी! आणि कविसंमेलन तर रात्रीच खरं चढतं. एका रात्री मी शेवटची गाडी सरळ जाऊ दिली.

शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त गुरुजींनी विचारलं, 'मुक्कामाला कुठे?' धुळे म्हटल्यावर ते हसलेच. 'आता कशाचं धुळं! चला घरी.' मी पैशांचं काढलं, तर असे बघायला लागले की पाकीट मुकाट्याने आत घातलं. वरची खोली, गोधडी, उशाशी तांब्या. काकूंनी एवढ्या रात्रीही गरम खिचडी टाकली. पाठ टेकणार तेवढ्यात गुरुजी वही घेऊन वर आले.

कवी निघाले! शंभरपानी वही, आणि पहिल्या पानापासून सुरुवात. देशभक्तीच्या कविता मी जांभया गिळत ऐकल्या. पण मग कापसाच्या भावावरची एक आली, बापाची पावती मुलगा वाचून दाखवतोय अशी, आणि मीच म्हटलं, गुरुजी, परत वाचा. मघाशी मांडवात ऐकलेल्या कित्येक कवितांपेक्षा ती सरस होती. मी तसं बोललोही. त्यावर त्यांनी आणखी वीस-एक ऐकवल्या. तुम्ही कोणाच्या घरी उतरणार असाल तर झोपेची आशा धरू नका.

सकाळी धुळ्याला परतलो. खोलीला कुलूप तसंच, आत माझी बॅग आणि टपटपणारा नळ. रात्री आलोच नाही, थोडं कमी करा, म्हणून काउंटरवर घासाघीस करून पाहिली.

'खोली तुमच्याच नावावर होती ना, साहेब?' म्हणत त्याने पूर्ण आठशेची पावती फाडली.