ग्लासातला बर्फ

लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, परवा तर दाताच्या डॉक्टरांकडेही. मी हिमनद्यांच्या वाहण्याची गणितं करते असं कळलं की कुणीतरी विचारतंच, "ग्लासातला बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही. मग समुद्र कसा वाढणार?" चेहऱ्यावर बहुधा 'कसं पकडलं!' असा भाव असतो. प्रश्न चांगलाच आहे, आर्किमिडीज तुमच्या बाजूने आहे. (समुद्र खारा, बर्फ गोड्या पाण्याचा, त्यामुळे पातळी किंचित वाढते. पण ते सोडा.)

तुमच्या ग्लासातला खडा आधीच तरंगतोय. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बहुतेक बर्फ जमिनीवर टेकलेला आहे. ग्रीनलंडचा सगळा समुद्रात आला तर पातळी 7 मीटरच्या वर चढेल, अंटार्क्टिकाचा आला तर सुमारे 58 मीटर. 'आला तर' म्हणते आहे, 'वितळला तर' नव्हे. ग्लासात बाहेरून खडा टाकून बघा. पाणी तेव्हाच चढतं, वितळण्यासाठी थांबत नाही.

म्हणून आम्ही एका रेषेच्या मागे असतो. टेकलेला बर्फ जिथे जमीन सोडून तरंगायला लागतो, ती ग्राउंडिंग लाइन. ती शेकडो मीटर बर्फाखाली असते, पण भरती-ओहोटी तिची चुगली करते. पुळणीवर अर्धी ओढलेली होडी भरतीला मागून उचलली जाते ना, तसंच. तरंगता भाग वरखाली होतो, टेकलेला ढिम्म. उपग्रहांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या रडार प्रतिमांची तुलना केली की मधला वाकणारा पट्टा स्पष्ट उमटतो.

मग तरंगत्या बर्फाची काळजी कशाला? 2002 च्या सुरुवातीला अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळचा लार्सन-बी हा सुमारे 3250 चौरस किलोमीटरचा तरंगता मंच (हिमनद्यांच्या पुढे समुद्रावर पसरलेला जाड बर्फ) महिनाभरात भुगा झाला. गोव्यापेक्षा थोडासाच लहान. तो फुटल्याने समुद्र जवळजवळ वाढला नाही, तुमचा ग्लास बरोबर होता. पण त्याच्या मागच्या हिमनद्या सुसाट सुटल्या, काहींचा वेग आठपट झाला. शेजारच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांसमोर मंचाचा तुकडा शिल्लक होता, त्या तेव्हा जागच्या वेगाने चालत राहिल्या. चढावर उभ्या गाडीच्या चाकाखालचा दगड काढावा, तसा प्रकार. इतका स्वच्छ प्रयोग आम्हाला ठरवूनही करता आला नसता.

गणितात हे सगळं बसवायचं म्हणजे बर्फाला अतिशय घट्ट द्रव मानायचं. ताण दुप्पट झाला की त्याचा आकार बदलण्याचा वेग साधारण आठपट होतो. तळाची खोली विमानातल्या रडारने कळते, कारण रेडिओलहरी बर्फातून आरपार जाऊन खडकावरून परततात. तळाशी घर्षण किती, हे मात्र एवढ्या प्रदेशात मोजता येत नाही. मग वरच्या पृष्ठभागाचा वेग उपग्रहातून बघायचा आणि खाली किती घर्षण असलं तर तो वेग येईल, हे उलटं सोडवायचं. माझे बरेच दिवस याच उलट्या गणितात जातात आणि मला ते आवडतं.

पुढचा प्रश्न ठरलेला: "बरं, 2100 पर्यंत किती?" हरितगृह वायूंचं उत्सर्जन खूप वाढत राहिलं तर 63 सेंटिमीटर ते 1 मीटर, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या 2021 च्या अहवालात आहे. जवळपास 2 मीटरही नाकारता येत नाहीत, हेही तिथेच आहे. एवढा पसारा का, याचं मोठं कारण पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्ससारख्या हिमनद्या. थ्वेट्सचा तळ समुद्रपातळीखाली आहे आणि आत जावं तसा आणखी खोल होत जातो. रेषा मागे सरकली की तिथे जास्त जाड बर्फ भेटतो, आणि तो जास्त वेगाने बाहेर वाहू शकतो.

2020 च्या जानेवारीत तिथे गरम पाण्याने सुमारे 600 मीटर खोल भोक पाडून आइसफिन नावाचा रोबो खाली सोडला होता. सपाट तळाशी बर्फ वर्षाला 2 ते 5 मीटरच झिजत होता, भीती होती त्यापेक्षा कमी. पण भेगांच्या आणि पायऱ्यांच्या उभ्या कडांवर झीज कितीतरी जोरात होती. त्या पायऱ्या काही मीटर उंचीच्या. गणितासाठी मी हिमनदीवर चौकटींची जाळी टाकते, तिच्यात सगळ्यात बारीक जागी एक चौकट 1 किलोमीटरची असते.