टाकी भरून पुढं जाणारे

बेळगाव, रविवार, रात्री साडेअकरा

गौरी-गणपतीची पाहुणी मंडळी गेली. पुतण्या, सूनबाई आणि चार वर्षांची नात, तिघांना पुण्याच्या बसमध्ये बसवून आत्ताच घरी आलो. घर एकदम सुनं वाटायला लागलंय. नातीची एक चप्पल दारात राहिलीय, ती उचलून कपाटात ठेवली.

थांब्यावर पाऊण तास उभा होतो, बसला उशीर झाला. पावसाची भुरभुर होती आणि दुकानांच्या वळचणीला शंभरावर पोरं-पोरी बॅगा घेऊन उभी. हातात कुंद्याचे डबे, पिशवीत आईनं बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. काही पुण्याच्या गाडीची वाट बघत होती, काही बेंगळूरच्या. सात-आठजण ओळखीचे निघाले. एक आमच्याच गल्लीतला, चाकणला व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटिंग मशीनवर प्रोग्रॅमिंग करतो. अनगोळची एक मुलगी पुढं येऊन पाया पडली, "काका, बरं हाय न्हवं?" तिच्या वडिलांनी माझ्या मशीन शॉपमध्ये लेथवर दहा वर्षं काढली. लेक आता बेंगळूरला विमानाच्या सुट्या भागांची तपासणी करते. तसंच काम इथून तासाभरावर हत्तरगीला चालतं, एअरबसच्या विमानांचे भाग तिथं बनतात. पण ती बेंगळूरच्या बसमध्ये चढली.

मला झोप येईना ती कालच्या बोलण्यामुळं. पुतण्याला इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं बोलावलंय. टूल डिझाइनचं काम, पगार पुण्यापेक्षा थोडा कमी, पण घरभाडं वाचेल. काल जेवणं झाल्यावर विषय निघाला. दादा म्हणाला, "आता उत्तर कर्नाटकाला सरकार सवलती द्यायलंय, कारखाने वाढणार. ये की परत." सूनबाई काही बोलली नाही. तिनं फोन काढला. त्यात तिनं प्रश्न लिहून आणले होते.

"काका, तुम्ही तीस वर्षं इथं धंदा करताय. मला बरं वाटावं म्हणून नको, खरं आहे ते सांगा."

ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तिचा पहिला प्रश्न असा: "मला इथं काम मिळेल का, आणि ते सुटलं तर दुसरं मिळेल का?" पहिल्या भागाला मी काहीतरी उत्तर दिलं. दुसऱ्या भागाला गप्प बसलो. पुण्यात एक कंपनी बंद पडली तर माणूस त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कंपनीत जातो, पोरांची शाळा बदलत नाही, घर बदलत नाही. इथं तिच्या कामाच्या कंपन्या बोटावर मोजण्याएवढ्या. एक नोकरी दाखवून माणसाला गावात आणता येईल, पण दुसरी नोकरी दिसल्याशिवाय तो बिऱ्हाड आणत नाही. आणि आता बिऱ्हाड म्हणजे दोन नोकऱ्या. आमच्या वेळी एकट्या पुरुषाच्या पगारावर निर्णय व्हायचा, तो काळ गेला.

बाकीचे प्रश्न असे: पाणी किती दिवसांनी येतं. लेकरू रात्री आजारी पडलं तर कुठं न्यायचं. शाळा मराठी मिळेल, पण तिथं कन्नड नीट शिकवतात का, म्हणजे पुढं मुलीचं अडणार नाही. कार्यालयात गेलं तर तिचं बोलणं कुणी समजून घेईल का. आईकडं पुण्याला एका दिवसात जाऊन येता येईल का. संध्याकाळी सातनंतर एकटीनं चालायला जागा आहे का.

कराबद्दल एकही प्रश्न नव्हता.

आपल्याकडं उद्योग आणायचे म्हटलं की पहिली भाषा सवलतीचीच. पूर्वी विक्रीकर माफीवरून राज्याराज्यांत चढाओढ असायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्या चढाओढीतली बरीचशी हवा गेली. आता भांडवली अनुदान, जमिनीचा दर, मुद्रांक शुल्क यांवर बोलणं चालतं. कर्नाटकानं जिल्ह्या-तालुक्यांचे झोन पाडलेत. बेंगळूर शहर आणि ग्रामीण तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे सवलती सगळ्यात कमी तिथं. आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त. तरी बस भरून जातात त्या बेंगळूरलाच.

कारण उघड आहे. १९०९ मध्ये तिथं विज्ञान संस्था निघाली. १९४० मध्ये विमानाचा कारखाना आला, मग १९५० च्या दशकात मशीन टूल्सची एचएमटी आणि इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल. दोन-तीन पिढ्या माणसं तिथं शिकली, टिकली, एकमेकांना शिकवत राहिली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली ती तयार माणसांच्या गावात आली. तेवढी माणसं घडायला पाऊणशे वर्षं गेली होती, ती कुठल्या अर्थसंकल्पातून आली नव्हती.

नुसत्या स्वस्ताईनं काय येतं ते बघायचं असेल तर निपाणीपुढं सीमेवरचं कोगनोळी आठवावं. हायवेवर पेट्रोल पंपांचे बोर्ड दिसायचे, महाराष्ट्रापेक्षा इतके रुपये स्वस्त म्हणून. वर्षानुवर्षं ट्रकवाले तिथं रांग लावून डिझेल भरायचे. टाकी भरली की गाडी पुढं. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं इंधनावरचा विक्रीकर वाढवला तसा फरक आटला. कर कमी म्हणून जो थांबला, त्याला कर वाढला की थांबायचं कारण उरत नाही.

सांबऱ्याच्या आपल्या विमानतळाचंही तेच. २०१९ मध्ये लहान शहरांच्या विमानसेवेला मदत देणाऱ्या उडान योजनेच्या तिसऱ्या फेरीत आपलं नाव आलं तेव्हा गाव किती आनंदलं होतं. एकामागून एक शहरं जोडली गेली. त्या योजनेत मार्गाला मदत तीन वर्षांची. मदत संपली तशा बऱ्याच फेऱ्या बंद झाल्या. उलट वंदे भारत बघा. पुणे-हुबळी गाडी सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून जाते, बेंगळूरची १० ऑगस्ट २०२५ पासून इथून सुटते. सूनबाईला मी त्या गाड्यांचं सांगितलं तेव्हा तिनं लगेच फोनवर वेळा बघितल्या. एवढ्या बोलण्यात तिचा चेहरा पहिल्यांदा तिथं खुलला. धारवाडला कित्तूरवरून सरळ जाणारा मार्ग मंजूर आहे, तो झाला की लोंढ्याचा वळसा वाचेल. असली कामं मुदत संपली म्हणून परत जात नाहीत.

मी उद्यमबागेत का टिकलो, हे तिला सांगायचं राहून गेलं. इथं लिहून ठेवतो.

माझ्या शॉपपासून तीन मिनिटांवर आमचे पॅटर्नवाले, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे मिस्त्री बसतात. त्यांच्याकडं दोन पट्ट्या असतात. एक साधी आणि दुसरी आकसाची, जिच्यावरचा प्रत्येक इंच जरा मोठा असतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला साधारण एक भाग आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. गेल्या पावसाळ्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचा एक लॉट आला. मशीनवर धरला आणि बोअर (आतलं भोक) मारताना तिसऱ्या नगात पोकळी उघडी पडली. चौथ्यातही तिथंच. सकाळी दहाला तो तुकडा घेऊन फौंड्रीत गेलो. मोल्डरनं हातात घेऊन फिरवला, म्हणाला, "इथं जाड-बारीक एकदम भेटायलंय. जाड भाग शेवटी गार होतो, त्याला रस कमी पडतो." मिस्त्री स्कूटरवरून आले. त्यांनी पॅटर्नच्या त्या कोपऱ्याला गोलाई दिली, राइझर, म्हणजे जाड भागाला जास्तीचा रस पुरवणारा साठा, वाढवायला सांगितलं. मोल्डर उत्तर कन्नड जिल्ह्यातला, मिस्त्री येळ्ळूरचे, फौंड्रीचे मालक लिंगायत, मी मराठा. एकजण मराठीत बोलला, दुसऱ्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं, कुणाचं काही अडलं नाही. संध्याकाळी भट्टीच्या हीटला नवे नग ओतले, दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मशीनवर होते. बोअर साफ निघाला.

ही दीड दिवसाची दुरुस्ती कुठल्या सवलतीत बसवणार? जमीन फुकट आणि कर शून्य अशा जागी माझं शॉप असतं, तर तो तुकडा गाडीनं पाठवून उत्तर यायला आठवडा गेला असता, आणि गिऱ्हाईक तिसऱ्याकडं गेलं असतं. पुण्या-कोल्हापूरचे लोक आमच्याकडं काम घेऊन येतात ते या तीन मिनिटांसाठी.

आणि हेच हातातून निसटायलंय, म्हणून जीव तुटतो. मिस्त्रींचं वय आता सदुसष्ट आहे. त्यांच्याकडं शिकायला पोरगा नाही. मच्छेला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. राज्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंगच्या पदव्या आमच्या गावातून निघतात, पण त्या विद्यापीठाच्या आणि मिस्त्रींच्या मधल्या काही किलोमीटरवर पूल बांधायला कुणी बसलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना सहा महिने खऱ्या फौंड्रीत ठेवा, मिस्त्रींना गुरुजी म्हणून मानधन द्या, त्यांची आकसाची पट्टी आणि कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन एका टेबलावर आणा. एका कारखान्याच्या करमाफीपेक्षा कमी पैशात होईल. मी दोन बैठकांत हे बोललो. बैठक संपली की चहा होतो आणि विषय परत जागेच्या दरावर येतो.

पाण्याचंही मनाला लागून राहिलंय. २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, गुलबर्गा आणि आपल्या गावातल्या काही भागांत चोवीस तास पाणी देऊन दाखवलं होतं. देशभरातून लोक बघायला यायचे. म्हणजे जमतं, हे याच गावात सिद्ध झालंय. आमच्या गल्लीत मात्र अजून पाणी कधी येणार हे शेजारणीला विचारावं लागतं. पुण्यात टँकरला कंटाळलेल्या माणसाला "बेळगावात नळ कधीही सोडा" एवढं सांगता आलं असतं तर दुसरी जाहिरात लागली नसती.

भाषेचा प्रश्न तिनं अगदी हळू आवाजात विचारला, जणू विचारणंच चूक. तिला मी माझी गोष्ट सांगितली. एका परवान्यासाठी एका कार्यालयात तीन खेपा घातल्या होत्या. अर्ज फक्त कन्नडमध्ये, मला बोलता येतं पण लिहिता येत नाही, आणि काउंटरवरच्या माणसानं मान वर केली नाही. चौथ्या खेपेला माझा कन्नड फोरमन सोबत आला, दहा मिनिटांत काम झालं. मला कन्नडचा राग नाही, माझी रोटी त्याच भाषेत निम्मी शिजते. पण ज्या भागात अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांहून जास्त, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे १९५६ पासून कागदावर आहे. तो कागद काउंटरवर आला, तर सीमाभाग ही आमची अडचण न राहता ताकद होईल. एका हातानं महाराष्ट्राशी आणि दुसऱ्या हातानं कर्नाटकाशी व्यवहार करणारी माणसं इथं घराघरात आहेत, ती दुसऱ्या कुठल्या शहराला पैसे देऊन मिळणार नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये आणि परत फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमेचा-भाषेचा वाद पेटला, दोन्हीकडच्या बस थांबल्या. चंदगडकडनं येणारे माझे दोन कामगार त्या दिवसांत कुणाच्या तरी गाडीवर बसून, जीव मुठीत धरून येत होते. ते आले नसते तर मशीन बंद. बाहेरचा उद्योजक असल्या दिवशीच्या बातम्या वाचतो, झोनचं परिपत्रक नाही वाचत.

पुतण्याला "ये" म्हणालो नाही. "विचार कर" म्हणालो. म्हणताना दादाकडं बघवेना.

मंगळवार, सकाळी

काल रात्री सूनबाईचा फोन आला. निर्णय झालेला नाही. तिच्या कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली तर सहा महिने राहून बघायचं म्हणतात. घरी इंटरनेट किती वेळा जातं ते महिनाभर लिहून ठेवायला सांगितलंय, वेळेसकट. वही काढलीय. पहिली नोंद: सोमवार, ४.१० ते ४.३५, पाऊस.

दुसरं, मुलीच्या शाळेत कन्नड कोण शिकवतं, ते वर्गात बसून बघता येईल का, हेही विचारायचं आहे. शाळा साडेदहाला भरते. शॉपची किल्ली फोरमनकडं देऊन आधी तिकडं जातो.