सुपातला वॉल-ई

मे महिन्याच्या दुपारी वेंगुर्ल्याकडच्या घरात पडवीवर सूप दिसलं, तर त्यात कुळीथ असावेत, गेलाबाजार सोलं तरी. या खेपेला सुपात राखाडी, पिवळे, काळे प्लास्टिकचे तुकडे आहेत. मुंबईहून आलेल्या काकाने पुतण्यासाठी कुठूनसा लेगोचा एक जुना संच पैदा केला, पुतण्याने तो जेवायच्या आत उपडा केला आणि आजीने, "भुयेर पसरू नको, पायाखाली येतला," म्हणत सूप पुढे सरकवलं. कोकणात घरात कुणी चपला घालत नाही. लेगोचा ठोकळा अनवाणी टाचेखाली आला की काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला आजीची काळजी पटेल.

पण खरं सांगायचं तर असला संच लावायला सुपाइतकं चांगलं साधन नाही. तीन बाजूंना कड आणि चौथी बाजू मोकळी. हलकेच हलवलं की तुकडे एका थरात पसरतात, आणि हवे तेवढे मोकळ्या बाजूने ताटलीत ओढता येतात. परातीत हे जमत नाही, तिथे सगळं मध्यभागी गोळा होतं. सूप मात्र जुनं हवं, मेथी आणि कागदाच्या लगद्याने लिंपलेलं. नव्या सुपाच्या विणीत एका बटणाच्या, म्हणजे वर एकच गोल उंचवटा असलेल्या, टिकल्या अशा रुततात की काढायला सुई लागते. नवंच असेल तर आत पंचा अंथरावा. वर्तमानपत्र नको, छापील अक्षरांत काळा तुकडा डोळ्यांदेखत हरवतो.

संच आहे वॉल-ईचा. २००८ च्या पिक्सारच्या चित्रपटातला तो कचरा दाबणारा यंत्रमानव, दुर्बिणीसारखे डोळे आणि पायांच्या जागी रणगाड्याचे पट्टे. लेगोने २०१५ साली 'आयडियाज' या चाहत्यांनी सुचवलेल्या रचनांच्या मालिकेत तो काढला. मूळ रचना अँगस मॅक्लेन यांची, आणि ते त्याच चित्रपटावर काम केलेले अॅनिमेटर. त्यामुळे खेळणं बघून चित्रपट आठवतो एवढ्यावर हे भागत नाही. ज्यांनी त्याला पडद्यावर हलवलं त्यांनीच तो ठोकळ्यांतून पुन्हा उभा केला, हे खांद्यांच्या उतारात दिसतं. पोटाचं झाकण उघडतं, हात वरखाली आणि आजूबाजूला होतात, पंजात वस्तू धरता येते, पट्टे फिरतात. आणि गंमत अशी की चित्रपटात हा दिवसभर कचऱ्याचे ठोकळेच पाडत असतो. ठोकळे पाडणारा स्वतः ठोकळ्यांचा.

नव्या संचात तुकडे पिशव्यांत येतात, बहुतेक वेळा आकडे घातलेल्या. पहिली पिशवी संपल्याशिवाय दुसरी फोडायची नाही, एवढा एक नियम पाळला की निम्मं काम झालं. जुन्या संचात ती सोय नाही. पावणेसातशेच्या आसपास तुकडे एका ढिगात. इथे पहिली चूक सगळे करतात ती रंगाने वेगळे करायची. पिवळ्यांत पिवळे, राखाडीत राखाडी. दिसायला छान दिसतं, पण दोनशे राखाडी तुकड्यांत एक राखाडी पिन शोधायची म्हणजे वैताग. आकाराने वेगळे करावेत. पिनांच्या वाटीत रंग आपोआप डोळ्यांत भरतो, रंगाच्या वाटीत आकार भरत नाही. वाट्या सात-आठ पुरतात: ठोकळे, प्लेटा म्हणजे पातळ ठोकळे, वर बटणं नसलेल्या गुळगुळीत टाइल्स, तिरक्या कडांचे, दांडे, पिना, पट्ट्याच्या कड्या, आणि शेवटची, कुठेच न बसणाऱ्यांची. चित्रपटात वॉल-ईच्या हाती एक चमचाही नाही आणि काटाही नाही असं काहीतरी लागतं, तेव्हा तो चमच्यांचा डबा बघतो, काट्यांचा बघतो, आणि शेवटी दोन्हींच्या मधे ठेवून देतो. शेवटची वाटी ती.

राखाडीचं आणखी एक दुखणं आहे. २००४ च्या सुमारास लेगोने राखाडी रंग बदलला. आधीचा किंचित पिवळसर होता, नंतरचा निळसर आहे. हातोहात फिरलेल्या संचात दोन्ही मिसळलेले सापडतात. बसायला बसतात, पण खांद्यावर एक तुकडा धुतलेल्या धोतरावरच्या हळदीच्या डागासारखा दिसत राहतो. हे दिवसाउजेडी खळ्यात बसून निवडावं. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली सगळेच राखाडी सख्खे भाऊ.

पिनांकडे मात्र जास्त लक्ष हवं, कारण तिथे रंग शोभेचा नाही. दोन ठोकळे सांध्यात जोडणारी बोटाच्या पेराएवढी पिन काळी असेल तर तिच्या अंगावर बारीक कंगोरे असतात. ती घट्ट फिरते आणि ठेवली तिथे राहते. तीच पिन राखाडी असेल तर अंग गुळगुळीत, सांधा मोकळा फिरतो. चाकाला राखाडी, हाताला काळी. घाईत उलटं झालं तर हात उचलला तरी खाली पडतो, आणि मग माणसं कंपनीच्या नावाने बोटं मोडतात. दांड्यांची लांबी डोळ्यांनी मोजू नये. पुस्तिकेत दांड्याचं चित्र खऱ्या मापाचं छापलेलं असतं, दांडा थेट पानावर ठेवून बघायचा. फोनवर पुस्तिका उघडणारे इथेच फसतात, कारण पडद्यावर पान लहानमोठं झालं की ते माप गेलं. तसं बघता पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि कोकणात ती सोय मोठीच, कारण कपाटातल्या कागदाला जुलैत बुरा येतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. ठोकळ्यांना मात्र दमट हवेने काही होत नाही. एबीएस प्लास्टिकला खारं वारं बाधत नाही, ऊन बाधतं. राखाडी आणि पांढरे तुकडे उन्हाने पिवळे पडतात, म्हणून खिडकीशी मांडू नये. धुवायचे तर हाताने, चाळीस अंशांच्या आतल्या पाण्यात, आणि वाळवायचे सावलीत. धुलाई यंत्रात घालणाऱ्यांना मी काही सांगणार नाही.

आता मान. या संचाची कीर्ती मानेमुळे झाली. डोके जड, पुढे झुकलेलं, आणि खाली मान काडीसारखी. चित्रपटात ते शोभतं, कारण तिथे गुरुत्वाकर्षण अॅनिमेटरच्या मुठीत असतं. टेबलावर पहिल्या खेपेच्या वॉल-ईचं डोकं एका अंगाला कलंडायचं. कंपनीने विक्री थांबवली, मानेची जुळणी बदलली, आणि आधी घेतलेल्यांनी मागितली तर सुधारलेली मान द्यायची तयारी दाखवली. म्हणून जुना संच घेताना पहिला प्रश्न, मान कुठली? विकणारा "कसली मान?" म्हणाला तर आधीची समजावी. तशी घेऊन फार बिघडत नाही. मान कललेला वॉल-ई हा जास्त वॉल-ई दिसतो, असं माझं मत आहे, आणि ते कुणालाही पटत नाही.

पट्ट्यांची गोष्ट उलटी. एकेक कडी टिचकीने अडकवायची. एक जास्त झाली तर पट्टा लोंबतो, एक कमी झाली तर चाक अडतं. पुस्तिका सांगते तितक्याच मोजून घ्याव्यात, आणि मोजणी दोनदा, कारण मधेच कुणीतरी "चाय घेतंस?" विचारतं. झालेला वॉल-ई तुळतुळीत कोब्यावर चालत नाही, घसरतो. कडक प्लास्टिकला तिथे पकड मिळत नाही. सतरंजीवर, नाहीतर चटईवर चालवावा. अंगणात तर नकोच, तांबडी माती कड्यांत गेली की टूथब्रश घेऊन बसावं लागतं.

चिऱ्याच्या भिंतीला टेकून बसून हे ठोकळे लावताना एक तफावत डोळ्यांत येते. जांभ्याचा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून कडक होतो. तोवर तासून घ्यायचा. तरी एक चिरा दुसऱ्यासारखा नसतो, फरक दर्जेत, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात, भरून काढायचा, ती गवंड्याची हातोटी. लेगोला दर्ज चालत नाही. बटणापासून बटणापर्यंत आठ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची नऊ पूर्णांक सहा दशांश, तीन प्लेटा एकावर एक म्हणजे एक ठोकळा. आतल्या नळ्यांमुळे पकड येते, त्या रचनेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला मागितलं गेलं, आणि त्या सालचा ठोकळा आजच्यावर अजून बसतो. इकडे सावंतवाडीच्या चितारआळीतलं, लाकडी खेळण्यांच्या गल्लीतलं, पांगाऱ्याच्या लाकडाचं केळं एकदा रंगवलं की केळंच. त्याचा फणस होत नाही. पण ते हातात घेतलं की गुळगुळीत लागतं, आणि लहान पोर ते आधी तोंडात घालतं. ठोकळ्याला पोर तोंड लावत नाही असं नाही, पण आया जिवाच्या आकांताने धावतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हे द्यायचं नाही, खोक्यावर तसं चिन्हच असतं.

पात्रांच्या संचाबद्दल माझी एक कुरकुर आहे. सुटे ठोकळे असले की आज घर, उद्या होडी. वॉल-ई झाला की तो वॉल-ईच राहतो. काचेच्या कपाटात, सावंतवाडीच्या केळ्याशेजारी. ज्या मुलखात गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची माटवी दरसाल बांधतात, सोडतात, आणि मूर्ती तर डोळे पुसत पाण्यात सोडतात, तिथे एक प्लास्टिकचा यंत्रमानव कुणाला मोडवत नाही. मोडावा. पुन्हा लावताना दुसऱ्या खेपेला अर्धा वेळ लागतो आणि पहिल्या खेपेच्या चुका दिसतात.

पाण्यात सोडण्यावरून आठवलं. १३ फेब्रुवारी १९९७ ला इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ 'टोकियो एक्स्प्रेस' नावाचं जहाज लाटेने कललं आणि ६२ कंटेनर समुद्रात गेले. त्यातल्या एकात लेगोचे जवळपास ४८ लाख तुकडे होते, आणि योगायोग असा की बरेच तुकडे समुद्रातल्याच खेळांचे, ऑक्टोपस, पाणबुड्याचे पंख वगैरे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लोकांना ते अजून सापडतात. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये किनाऱ्यावरचे जुने ठोकळे तपासून सांगितलं की समुद्रात असा ठोकळा शंभर ते तेराशे वर्षं टिकू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात दर्या भरतीच्या रेघेवर जे आणून टाकतो, चपला, बाटल्या, थर्मोकोल, त्यात अजून यंत्रमानव दिसलेला नाही. तेराशे वर्षं आहेत.

संध्याकाळी चारच्या सुमारास वॉल-ई उभा राहतो. मान डाव्या अंगाला. काका म्हणतो, "बघ, सांगितलेलं ना, जुनी मान." पुतण्या सूप आपटून बघतो. संच लावून झाल्यावर काही बारीक तुकडे उरतात, त्याची धास्ती घ्यायची नसते. पिशव्या वजनावर तपासतात, आणि टिकलीएवढा तुकडा कमी पडला तर वजनात कळत नाही, म्हणून तसले एखाददोन जास्तच घालतात. टिकल्या उरल्या तर काळजी नाही. पिन किंवा दांडा उरला तर पानं मागे उलटायची.

आजी सुपातून कायतरी उचलून उजेडात धरते.

"रे झिला, ह्या उरला ता खंय लावूचा?"

काळी पिन. काका मानेकडे बघतो, मग हाताकडे, मग चहाकडे.