तुम्ही विचारलंत म्हणून : मान हलवणाऱ्या यंत्राखाली काय असतं?

मेहसाण्याच्या तेलक्षेत्रात नोकरी केली असल्यामुळे सोलापूरला परतल्यापासून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : तिकडे शेताशेतांत मान वरखाली करणारी ती यंत्रे नेमके करतात काय, आणि तेल आपोआप उसळून वर येत नाही का? काही विहिरींत सुरुवातीला येते. पण भूगर्भातला दाब उतरला, किंवा मेहसाण्याकडच्या काही क्षेत्रांसारखे तेलच घट्ट असले, की ते ओढून काढावे लागते.

सोलापूरकरांना हे सांगणे सोपे जाते, कारण देशभर पोहोचलेल्या इंडिया मार्क २ हापशाचा पूर्वज सोलापूर पंपच होता. हापशात पाइप, पाइपात गज, गजाच्या टोकाला झडप असलेला दट्ट्या आणि तळाशी आणखी एक झडप असते. तेलविहिरीत पाइपाला ट्यूबिंग आणि गजाला सकर रॉड म्हणतात. गज सरळ ओढला जावा म्हणून हापशाच्या दांड्याला कमानदार पट्टी व साखळी असते; तेच काम तिथे ते घोड्यासारखे डोके आणि त्यावरून लोंबणारे तारेचे दोर करतात.

फरक खोलीचा आहे आणि सगळी कटकट तिथूनच सुरू होते. १००० मीटरवर बसवलेल्या दीड इंची दट्ट्यावर तेलाचा सुमारे १ टन भार येतो. पाऊण इंची रॉडचे स्वतःचे २ टनांहून अधिक वजन वेगळेच. दट्ट्या वर जाताना त्याची झडप मिटते आणि तेलाचा भार रॉडवर येतो. खाली येताना ती उघडते आणि तोच भार तळाच्या झडपेमार्फत ट्यूबिंगवर पडतो. त्यामुळे प्रत्येक खेपेला एकमेकांना जोडलेल्या रॉडची माळ जवळजवळ वीतभर ताणली जाते, ट्यूबिंगही ४-५ सेंटिमीटर लांबते आणि आखडते, आणि तेवढी ओढ वाया जाते. म्हणूनच ट्यूबिंगला अँकर लावून ती केसिंगशी, म्हणजे विहिरीच्या भिंतीला लावलेल्या बाहेरच्या मोठ्या नळीशी, जखडतात.

येणाराजाणारा डोके पाहतो. आमचा जीव मात्र खालच्या नळ्यांत अडकलेला असे. विहीर जराशी कलती असली की रॉडची कपलिंगे, म्हणजे दोन रॉड जोडणारे सांधे, ट्यूबिंगच्या एकाच अंगाला घासत राहतात, आतून खाच पडते आणि शेवटी भोक. यंत्र तसेच मान हलवत राहते, पण तेल त्या भोकातून केसिंगमध्ये उतरते आणि वरची फ्लो लाइन, म्हणजे विहिरीतून तेल पुढे नेणारी नळी, कोरडी पडते. रॉडवरच्या भाराचा आलेख काढून झडपांची गळती ताडता येते. ट्यूबिंगसाठी मात्र दाब देऊनच पाहावे लागते. मग वर्कओव्हर रिग, म्हणजे विहीर दुरुस्तीचा उचल-मनोरा, आणून आधी रॉड आणि मागाहून ट्यूबिंग असे सगळे बाहेर काढतात, खाच पडलेल्या नळ्या बाजूला टाकतात आणि बाकीच्या पुन्हा विहिरीत सोडतात.