घोडीचे नाव मात्र आठवले

काल शर्वरीचा फोन आला. टोनी सोप्रानो या माफिया टोळीप्रमुखावरच्या ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन मालिकेचे तिचे तिसरे पर्व चालू आहे आणि कोणत्या भागामुळे ती इतकी अस्वस्थ झाली आहे, हे तिने चार शब्द बोलताच माझ्या लक्षात आले. ‘आत्या, त्या मुलीचं नाव काय गं? मला नीट ऐकूच आलं नाही,’ असे तिने विचारले. मला नाव आठवेना. मुलगी डोळ्यांसमोर स्पष्ट होती. टोनीच्या टोळीच्या बाडा बिंग क्लबमध्ये नाचणारी, दातांना तारा लावलेली, त्या तारांचे पैसे क्लब चालवणाऱ्या सिल्व्हिओने दिलेले म्हणून त्याच्या उपकारांखाली दबलेली. नाव मात्र येईना. ‘घोडीचं नाव पाय-ओ-माय होतं,’ असे मी उगाचच बोलून गेले आणि टोनीच्या लाडक्या शर्यतीच्या घोडीची चौथ्या पर्वातली गोष्ट आधीच फोडल्याबद्दल तिची बोलणी खाल्ली.

मुलीचे नाव ट्रेसी. फोन ठेवल्यावर शोधले. ही मालिका मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे, आणि तरीही मला नाव शोधावे लागले, हे रात्रभर टोचत राहिले.

तो भाग 2001 सालचा. टोनीने दिलेल्या सल्ल्यामुळे ट्रेसी आपल्या लहान मुलाला डॉक्टरांकडे नेते आणि त्याचे आभार मानण्यासाठी घरी भाजलेला खजुराचा ब्रेड घेऊन येते. टोनी तो घेत नाही. असली जवळीक बरी नव्हे, असे तिला सांगतो. त्याच तासाभरात कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या टोनीच्या मुलीचा, मेडोचा, प्रेमभंग होतो. वयाने जवळपास सारख्याच असलेल्या या दोघींमधली एक रडून मोकळी होते आणि दुसरी, टोळीतल्या राल्फपासून गरोदर राहिलेली, त्याच्याच हातून क्लबमागच्या गाड्या लावण्याच्या जागेत मरते. टोनी राल्फला बदडतो खरा, परंतु त्यावरून जो गदारोळ उठतो तो मुलीच्या मृत्यूचा नसून टोळीत रीतसर घेतलेल्या माणसावर हात उचलल्याचा असतो. पुढे त्याच राल्फला टोनी बढती देतो, कारण राल्फ पैसा आणतो. त्या भागाच्या शेवटी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीसमोर, शेजारी बायको कार्मेला बसलेली असताना, टोनी सांगतो की त्याच्या कचरा वाहून नेण्याच्या कंपनीत काम करणारा एक तरुण वारला. ट्रेसीचे नाव तर त्याने गाळलेच, ती मुलगी होती हेसुद्धा गाळले.

टोनीने निदान खोटे बोलण्याचे कष्ट घेतले होते. मला तेही करावे लागले नाही.

यावर माझ्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मध्यरात्री मी ते सगळे स्वतःशी बोलूनही घेतले. ट्रेसीची सारी कथा जवळजवळ एका भागात आटोपते. घोडी अनेक भागांमधून येत राहते. टोनी तिच्या शर्यतीतल्या जिंकण्यावर खूश होतो, आजारपणात पशुवैद्याचे बिल भरतो आणि रात्री तबेल्यात तिच्याजवळ बसून राहतो. टोनी साकारणाऱ्या जेम्स गँडोल्फिनीचे ते भलेमोठे शरीर अशा वेळी इतके निराधार दिसते की पाहणाऱ्याने विरघळावे अशीच ती योजना असते, मग विरघळणाऱ्याचा दोष तो काय? आयुष्यात कोणाला दुखावले तर आठवडाभर झोप न येणारी मी, आणि माझ्या हळवेपणावरून घरात इतकी वर्षे थट्टा होत आली असताना आता तो हळवेपणाच संशयास्पद ठरावा, याचे मला खरोखर वाईट वाटले. थोडे रडूही आले. (बोक्या गेला तेव्हा मी दोन वेळा जेवले नव्हते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू गेल्या तेव्हा... तो विषय आज नको.)

पण टोनीचीही बाजू हीच आहे, हे ध्यानात आले तेव्हा रडू थांबले. 1999 साली मालिका सुरू झाली तीच मुळी पोहण्याच्या तलावातली बदके उडून गेल्यामुळे चक्कर येऊन पडणाऱ्या माणसापासून. त्या पहिल्या भागापासून आम्ही त्याला आपला मानले. 2007 मध्ये, शेवटून दुसऱ्या भागात, मेल्फी गुन्हेगारांचा अभ्यास करणाऱ्या योकेल्सन आणि सॅमेनाव यांचे गुन्हेगारी मनोवृत्तीविषयीचे लेखन वाचते. गुन्हेगाराची भावविवशता तान्ह्या मुलांविषयी आणि पाळीव प्राण्यांविषयी कणवेच्या रूपाने प्रकट होते, असे त्यात म्हटले आहे. ते वाचल्यावर ती टोनीचे उपचार बंद करते. वर्षानुवर्षे ज्या बदकांवर त्या दोघांनी इतके बोलून घेतले, ती बदके त्याच्या चांगुलपणाचा पुरावा नव्हतीच, हे तिला उमगायला इतका काळ लागला.

बदकांनी मलाही इतकीच वर्षे फसवले. माझ्याजवळ तर मानसशास्त्राची पदवीही नाही.

तरीही चौथ्या पर्वातला तो स्वयंपाकघराचा प्रसंग इतक्या सहज निकालात काढता येत नाही, आणि मी पुन्हा पुन्हा तिथेच येऊन अडखळते आहे. तबेल्याला आग लागून घोडी मरते. विम्याच्या पैशांसाठी ती राल्फने लावली असा टोनीचा संशय असतो आणि राल्फ ते नाकारतो. मालिकेने अखेरपर्यंत त्याचा निकाल दिलेला नाही. सकाळी अंडी तळत असताना दोघे एकमेकांवर तुटून पडतात आणि टोनी राल्फला ठार करतो. त्या निष्पाप, सुंदर जिवाने तुझे काय वाकडे केले होते, असे तो मारताना ओरडतो. हे घोडीविषयीच आहे असे मी नेहमी धरून चालले. त्या भागाच्या शेवटी, टोळीतल्या ख्रिस्तोफरच्या मदतीने प्रेताची विल्हेवाट लावल्यानंतर, टोनीला बाडा बिंगमधल्या आरशावर लावलेला ट्रेसीचा फोटो दिसतो. मग तो ओरडत होता ते कोणासाठी? माणसासाठी दुःख करायला टोळीच्या नियमांत जागा नव्हती आणि घोडीसाठी होती, एवढेच असेल का? की ही माझी आणखी एक सवलत, त्याला दिलेली, आणि त्याच्याआडून स्वतःलाही?

सवलतच असावी, असे आज वाटते. त्या फोटोसमोर तो क्षणभर थांबतो खरा, पण ट्रेसी मेली तेव्हा राल्फ जिवंत राहिला आणि पैसा येत राहिला, हे त्यामुळे बदलत नाही. टोनीच्या अंतरंगाचे कितीही पदर उलगडले, तरी त्याच्या हिशेबाच्या वहीत ती कुठेच नाही.

शर्वरीला दुपारी नाव कळवले. तिने उलट विचारले, ‘घोडी मरते तो भाग कितवा? तो मी सुट्टीच्या दिवशी बघीन, रडायला वेळ लागतो.’ मी नववा म्हणून सांगितले आणि उपदेश करण्याचा मोह आवरला. मीही तो भाग पुन्हा पाहणार आहे. बोक्याच्या बाबतीत मी जशी आहे तशीच तिथेही असणार, तबेल्याच्या प्रसंगाला माझा रुमाल भिजणार, हे आताच कबूल करून टाकलेले बरे. फक्त त्याआधी तिसऱ्या पर्वातला तो सहावा भाग लावीन, आणि ब्रेड परत करताना टोनीचा चेहरा सोडून तिचा पाहीन.